कोरड्या ऋतूची संहिता : साष्टीचे जुने स्थलदर्शक नकाशे

एखाद्या प्रदेशाच्या स्थित्यंतराचा पुरावा म्हणून जुना नकाशा पुढे केला जातो, तेव्हा तो नकाशा स्वतः काय आहे हा प्रश्न बहुधा मागे पडतो. दोन काळांतील पत्रे शेजारी ठेवायचे, पहिल्यात भातशेती, दुसऱ्यात वस्ती, आणि मधल्या काळाला ‘विकास’ किंवा ‘विध्वंस’ असे नाव द्यायचे, ही पद्धत मुंबईच्या उपनगरांबाबत रूढ झाली आहे. तीत नकाशा हा पारदर्शक मानला जातो, जणू काच. वस्तुतः तो एक संहिता आहे. त्याला कर्ता आहे, संकेतव्यवस्था आहे, पाठभेद आहेत आणि मौनेही आहेत. जे. बी. हार्ली यांनी 1989 मध्ये नकाशाच्या विरचनेची मांडणी केली ती याच अर्थाने. मात्र सत्ता आणि मौन ही सूत्रे कोणत्याही नकाशाला सरसकट लावता येतात, आणि म्हणूनच ती फारसे काही सांगत नाहीत. मौन नेमके कोठे आहे आणि ते कोणत्या तांत्रिक निवडीतून आले, हे पत्र्यावर बोट ठेवून दाखवावे लागते. त्यासाठी साष्टीसारखे क्षेत्र दुसरे नाही.

अंधेरी व घाटकोपर 1950 मध्ये आणि बोरिवली व मुलुंड 1957 मध्ये बृहन्मुंबईत आले. त्यापूर्वीची साष्टी म्हणजे मध्ये डोंगर व रान, भोवती भातखाचरे, आणि कडेला खाजणे, मिठागरे व तिवरे. एक इंचास एक मैल या प्रमाणाच्या पत्र्यांत ही रचना सुबकपणे उतरते. पिवळा रंग लागवडीचा, हिरवा रानाचा, तांबडा वस्तीचा व रस्त्यांचा, तपकिरी समोच्च रेषांचा. निळा पाण्याचा, परंतु सगळ्या पाण्याचा नव्हे. ज्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी नसते तो काळ्या रेषेने दाखवण्याचा संकेत आहे. हा तपशील नकाशावाचनाच्या शालेय पाठातही असतो; त्याचा अर्थ मात्र क्वचितच विचारात घेतला जातो. सर्वेक्षक मैदानात उतरत ते पाऊस सरल्यावर, आणि पावसाळ्याचे महिने मुख्यालयात रेखाटनात घालवीत. म्हणजे चार महिने पाण्याखाली असणाऱ्या बेटाचा नकाशा उरलेल्या आठ महिन्यांत पाहिला गेला. संहितेचा काळ हा कोरड्या ऋतूचा वर्तमानकाळ आहे.

अनुराधा माथुर व दिलीप दा कुन्हा यांनी ‘सोक’ या 2009 च्या प्रदर्शनात व ग्रंथात हाच मुद्दा व्यापक पातळीवर मांडला. त्यांच्या मते जमीन व समुद्र यांना विभागणारी रेषा ही वसाहतकालीन कोरड्या नजरेची निर्मिती असून मुंबई ही वास्तविक एक खाडीमुख आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, आणि मिठीचे पाणी कुर्ला-कलिना भागात शिरले. या घटनेने त्यांच्या प्रतिपादनाला वजन आले. हे प्रतिपादन महत्त्वाचे आहे, पण दोन ठिकाणी ते अडते.

एक तर रेषा ही केवळ साहेबाची, हे खरे नाही. साष्टीच्या खाजणांना बांध घालून खाऱ्या जमिनीत भात पिकवणारे शेतकरी, वाफ्यांची आखणी करणारे मिठागरवाले, उधाणाची पातळी ठाऊक असलेले कोळी, हे सारे जमीन आणि पाणी यांच्यात रेषा आखतच होते. फरक रेषेच्या स्वभावात आहे. खाजणाचा बांध फुटतो व पुन्हा बांधावा लागतो. त्याला झडपा असतात. पाणी कधी आत घ्यावयाचे आणि कधी बाहेर ठेवावयाचे हे चंद्रकला पाहून ठरते. छापील किनाररेषेला दुरुस्ती लागत नाही. ती भरतीच्या कमाल मर्यादेवर एकदा थांबली की कायद्यालाही आधार होते. 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून 500 मीटरांचा पट्टा मोजला तेव्हा भरतीरेषा कोणती, हाच वादाचा विषय झाला. तेव्हा प्रवाहीपणाच्या विरुद्ध रेषा असे द्वंद्व उभे करणे सोपे असले तरी फसवे आहे. प्रश्न कोणाच्या रेषेची डागडुजी कोण करतो हा आहे.

दुसरे असे की नकाशाचे मौन संपूर्ण नसते. काळ्या रेषेने दाखवलेला ओढा हा एक प्रकारचा कबुलीजबाब आहे: येथे पाणी येते, पण आत्ता नाही. खरे मौन वेगळ्या जागी आहे. जुन्या पत्र्यांवर समोच्च रेषांचे अंतर 50 फुटांचे, तर नंतरच्या 1:50,000 प्रमाणाच्या पत्र्यांवर 20 मीटरांचे. किनाररेषा आणि पहिली समोच्च रेषा यांच्यामध्ये जी भूमी येते तिच्याविषयी उंचीच्या भाषेत, एखाददुसऱ्या उंचीच्या आकड्याखेरीज, नकाशा काहीच बोलत नाही. साष्टीचा सखल भाग बहुतांशी याच अबोल पट्ट्यात आहे. दोन मीटरांवरचे शेत आणि बारा मीटरांवरचा टेपाड येथे समान होतात. डोंगराच्या संदर्भात अतिशय वाचाळ असलेली ही संहिता ज्या जागी पुराचा निर्णय होतो त्या जागी गप्प आहे. 2005 मध्ये बुडालेल्या वस्त्यांचा मोठा हिस्सा या गप्प जागेतला, आणि वांद्रे-कुर्ला संकुलाचा भराव याच पट्ट्यातील खाजणावर पडला.

पाठचिकित्सेची शिस्त येथे उपयोगी पडते. पत्र्याच्या कडेला सर्वेक्षणाचे वर्ष व प्रकाशनाचे वर्ष वेगवेगळे असते, आणि पुढच्या आवृत्तीत पुष्कळदा फक्त रस्ते व रेल्वे सुधारलेली असते. एकाच पत्र्यावर अशा प्रकारे दोन काळ नांदतात. अंधेरी ते तुर्भे असा कुर्ल्यावरून जाणारा साष्टी-तुर्भे लोहमार्ग 1928 ते 1934 इतकाच काळ चालला. तो एखाद्या पत्र्यावर दिसला, तर त्यावरून आजूबाजूची भातखाचरेही त्याच वर्षांची ठरत नाहीत. प्रक्षिप्त ओळ ओळखल्याखेरीज ग्रंथाचा काळ सांगू नये, हा नियम बखरीला जसा लागू तसाच नकाशाला.

बखरीचे नाव सहज आले तरी तुलना अस्थानी नाही. वि. का. राजवाडे यांनी 1924 मध्ये प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरीत साष्टीची गावे येतात ती अधिकार, वंश व वतन यांच्या आधाराने. त्यांत अंतर नाही, दिशाही जवळजवळ नाही. नकाशात अंतर आहे, पण वतनदार नाही. एकात भूमी नातेसंबंधांची, दुसऱ्यात क्षेत्रफळाची. नावांचे तर दोन्हीकडे स्थलांतर होते: कोळ्यांचे वेसावे रोमन लिपीत जाऊन वर्सोवा झाले, आणि देवनागरीत परतले ते त्याच रूपात. 2014 मध्ये सुरू झालेल्या मेट्रो स्थानकाच्या पाटीवर हेच परतलेले नाव आहे.

या संहितेचा वाचक कोण, हा प्रश्नही उरतो. किनाऱ्यालगतचा सुमारे 80 किलोमीटरचा पट्टा संरक्षणाच्या कारणास्तव प्रदीर्घ काळ निर्बंधित राहिला. त्यामुळे ज्यांच्या अंगणातून ती काळी रेषा जात होती त्यांना ती पाहण्याचा अधिकार नव्हता. राष्ट्रीय नकाशा धोरणाने खुल्या मालिकेची वाट मोकळी केली ती मे 2005 मध्ये, महापुराच्या दोनच महिने आधी. व्यापक मोकळीक 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मिळाली. विद्यापीठीय अभ्यासात आज हे पत्रे सर्रास संगणकावर एकमेकांवर चढवले जातात, आणि रंगांच्या बदलाची टक्केवारी काढली जाते. समासातली वर्षे त्या वेळी बहुधा कापून टाकलेली असतात.

सप्टेंबर 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप व मुलुंड परिसरातील सुमारे 256 एकर मिठागरे धारावीच्या पुनर्वसनाकरिता भाडेपट्ट्याने घेण्यास संमती दिली. निर्णयाच्या भाषेत त्यांना ‘मिठागर जमीन’ म्हटले आहे. मिठागर भरतीच्या पाण्यावर चालते. त्याचे एकरी माप काढता येते ते वाफे कोरडे असताना.