दात उशिरा घडतात, पण कुणाच्या तुलनेत?

मागच्या आठवड्यात दोघा-तिघांनी विचारलं, की क्रेनिओसिनोस्टोसिसमधल्या दातांच्या वाढीवर प्रपोजल लिहायचं तर सुरुवात कुठून करू? माझं उत्तर: आधीचे पेपर वाचा, आणि निष्कर्षाच्या आधी फुटपट्टी तपासा.

पार्श्वभूमी थोडक्यात. बाळाच्या कवटीच्या शिवणी वेळेआधी जुळतात, साधारण दोन-अडीच हजार जन्मांत एकदा. बहुतेकदा एकच शिवण जुळलेली असते. एपर्ट आणि क्रूझॉन सिंड्रोममध्ये मात्र एफजीएफआर-२ या जीनमध्ये बदल असतो, आणि हाच जीन दात घडवतानाही लागतो. उंदरात त्याचं '२बी' रूप काढलं की दात कळीच्या अवस्थेतच अडकतो. त्यामुळे 'या मुलांचे दात उशिरा घडतात का?' हा प्रश्न रास्तच आहे. १९९७ मधला एपर्टवरचा पेपर आणि २०१४ मधला डच पेपर, दोन्ही 'हो' म्हणतात.

आता मोजतात कसं? बहुधा डेमिर्जियन पद्धतीनं. ही १९७३ ची, फ्रेंच-कॅनेडियन मुलांवर बेतलेली. ओपीजीवर खालच्या जबड्यातले डावीकडचे सात दात बघायचे, प्रत्येकाला ए ते एच अशी अवस्था द्यायची, बेरीज करून 'दाताचं वय' काढायचं. दात हिरडीबाहेर आलाय का, हे इथे मोजलंच जात नाही. दाताचा मुकुट आणि मूळ किती बनलंय ते मोजतात. एपर्टमध्ये जाड हिरडी आणि दाटीमुळे दात बाहेर यायलाही उशीर होतो. तो प्रश्न वेगळा, पण लिहिताना लोक सर्रास दोन्ही मिसळतात.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते पुढचं. १९९८ मध्ये कोशी आणि टंडन यांनी दक्षिण भारतीय मुलांवर ही पद्धत लावली, तर वय जवळपास तीन वर्षांनी जास्त आलं. २००२ मध्ये हेगडे आणि सूद यांनी बेळगावच्या ६ ते १३ वर्षांच्या मुलांवर तीच लावली, तर फरक मुलग्यांत ५१ दिवस, मुलींत १५ दिवस! म्हणजे आपल्या शेजारीच दोन नमुने, आणि अंतर एवढं. समजा पुण्यात दहा वर्षांच्या एपर्टच्या मुलाचं दाताचं वय नऊ आलं. स्थानिक निरोगी मुलं बेळगावसारखी असतील तर उशीर एक वर्षाचा. दुसऱ्या नमुन्यासारखी असतील तर चार वर्षांचा. मूळ कॅनेडियन तक्त्याशी तुलना करून 'उशीर आढळला' लिहिणं मला तरी पटत नाही. डच मंडळींनी आपल्याच देशातली मुलं तुलनेला घेतली, हे त्यांचं बरोबर.

आणखी एक. या सिंड्रोममध्ये मुख्य बिघाड चेहऱ्याच्या मधल्या भागात, म्हणजे वरच्या जबड्यात असतो. आपण वाचतो खालचा! शिवाय काही मुलांचे दात मुळातच बनलेले नसतात. एका बाजूचा नसेल तर दुसरीकडचा घेता येतो; दोन्हीकडे नसेल तर ते मूल अभ्यासातून गळतं. म्हणजे सगळ्यात जास्त बिघाड असलेलीच मुलं बाहेर, आणि सरासरी उरलेल्यांची.

हे फक्त थिसिसपुरतं नाही. बाल न्याय कायदा २०१५, कलम ९४ नुसार जन्माचा किंवा शाळेचा कागद नसेल तर वय वैद्यकीय चाचणीनं ठरतं. सिंड्रोम असलेल्या मुलाला नेहमीचा तक्ता लावला तर काय होईल, विचार करा.

प्रपोजलमध्ये निरोगी मुलांचे नवे एक्स-रे मागू नका, एथिक्स कमिटी ते मान्य करणार नाही. इतर कारणांसाठी आधीच काढलेले ओपीजी वापरा, आणि दाताच्या वयासोबत प्रत्येक दाताची मूळ अवस्थाही तक्त्यात द्या.