सुई परतताना

नॅनोइंडेंटर या सूक्ष्म दाबयंत्राच्या भार-खोलीच्या आलेखात रेषा दोनच. हिऱ्याची सुई पदार्थात रुतत जाते ती एक, माघारी निघते ती दुसरी. नजर आधी चढत्या रेषेवर ठरते. खरा रस परतीच्या रेषेत आहे.

रुतताना सगळं मिसळलेलं असतं. पदार्थ थोडा लवतो, थोडा कायमचा दबतो. भार उतरू लागला की लवलेला तेवढाच भाग उसळतो, म्हणून परतीच्या अगदी सुरुवातीच्या उतारात ताठरपणा निखळ सापडतो. ऑलिव्हर आणि फार या संशोधकांनी १९९२ साली हे वाचन पक्कं केलं. इतका बारीक खड्डा सूक्ष्मदर्शकाखाली मोजणं जिकिरीचं. त्यांनी ती गरजच संपवली. सुईचा आकार ठाऊक असतो, टेकलेली खोली रेषा सांगते, त्यावरून खड्ड्याचं क्षेत्रफळ निघतं. किती देखणी युक्ती!

हे वाचन नांदेड-लातूरकडच्या काळ्या रानातल्या कापसावर फार खुलतं. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचं ‘एनएचएच-४४’ वाण इथल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या ओळखीचं. जिनिंगवरचा ग्रेडर रुईची बट ओढून धाग्याची लांबी पाहतो, मायक्रोनेअर, म्हणजे तंतूचा बारीकपणा, हवेच्या झोतावर ठरतं. दोन्ही पारखी पुंजक्याच्या. सुई मात्र एकाच तंतूच्या भिंतीत शिरते. हा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, रुंदी पंधरा-वीस मायक्रोमीटर. बोंड भरताना तिच्या भिंतीला आतून दिवसागणिक सेल्युलोजचा थर चढतो. त्यातले काही नॅनोमीटर जाडीचे सूक्ष्मतंतू तिरपे वेढे घेतात आणि मध्येच दिशा पालटतात.

तंतू राळेत बसवून आडवा कापायचा, मग सुई टेकवायची. भार एका मिलिन्यूटनहूनही कमी. मिलिन्यूटन म्हणजे ज्वारीच्या तीनेक दाण्यांचं वजन. इथे दोन रेषांमध्ये एक आडवा तुकडा येतो, आणि मला तोच सर्वांत आवडतो. सेल्युलोज भाराखाली सावकाश सरकत राहतं, म्हणून भार काही सेकंद तसाच धरावा लागतो. घाई केली तर परतीची रेषा पोट काढते आणि ताठरपणा फुगवून दाखवते.

ओल्या कापसाचं वाचन आणखी चवीचं. लांबीच्या दिशेने ओढला तर भिजलेला तंतू कोरड्यापेक्षा जास्त ताण सोसतो; तोच बाजूने सुईने दाबला तर मऊ लागतो. पाणी सूक्ष्मतंतूंच्या मधल्या जागेत शिरून भिंत फुगवतं, आणि आडवा दाब झेलायला तीच जागा असते.