शनी मीनेत गेला म्हणजे कोठे गेला?

मुरूड तालुक्यातील एका कोळीवाड्यातून शाळेत येणाऱ्या नववीतील मुलीने आपल्या विज्ञानाच्या बाईंना एक प्रश्न विचारला. प्रश्न मार्च २०२५ मधला आहे. तिच्या वडिलांनी बोटीला नवे इंजिन बसवायचे ठरवले होते, कर्जाचे कागदही तयार होते. पण २९ मार्चला शनी मीन राशीत जाणार, मीन म्हणजे मासा, तेव्हा पुढची अडीच वर्षे मासळीच्या धंद्याला वाईट, असे त्यांना कोणी तरी सांगितले आणि इंजिन राहिले. "बाई, शनी मीनेत गेला म्हणजे नक्की कोठे गेला?" असे तिने विचारले. बाईंनी तो प्रश्न आमच्याकडे पाठवला.

जुन्या इंजिनावर आणखी एक हंगाम काढणे म्हणजे काय, हे किनाऱ्यावर राहणाऱ्यांना सांगायला नको. भर समुद्रात बंद पडलेले इंजिन ही काही राशीभविष्याच्या सदरातली गोष्ट नव्हे. म्हणून या प्रश्नाला "असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये" एवढे उत्तर पुरत नाही. मुलीने "कोठे" असे विचारले आहे, तर आपणही तेथूनच सुरुवात करू.

नावातले निरीक्षण

आधी जे चांगले आहे ते मान्य करू. शनीचे जुने नाव शनैश्चर, म्हणजे सावकाश चालणारा. त्याला मंद असेही म्हणतात. पुराणात तो सूर्य आणि छाया यांचा मुलगा, आणि पायाने अधू. ही कल्पना हवेतून आलेली नाही. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पाच ग्रहांमध्ये शनीची चाल सर्वांत संथ आहे. ताऱ्यांमधून एक फेरी पुरी करायला त्याला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. एका माणसाच्या आयुष्यात जेमतेम दोन-तीन फेऱ्या होतात. दुर्बीण नसताना ज्यांनी हे टिपून ठेवले, त्यांच्या चिकाटीला दाद दिलीच पाहिजे. लंगडणारा देव ही त्या निरीक्षणाची आठवण आहे.

शनिमाहात्म्यातील विक्रम राजाची गोष्टही आपल्याकडे घरोघर माहीत आहे. चोरीचा आळ येतो, हातपाय तोडले जातात, राजा तेल्याच्या घाण्यावर बसतो आणि साडेसात वर्षांनी सगळे परत मिळते. वाईट दिवस येतात तसे जातातही, सत्तेचा गर्व करू नये, हा तिचा बोध. गोष्ट म्हणून ती चांगलीच आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर. ग्रह हळू चालतो हे निरीक्षण आहे. तो हळू चालतो म्हणून आपली कामे रखडतात, ही केवळ उपमा आहे. "मीन म्हणजे मासा, म्हणून मासळीवर संकट" हीसुद्धा त्याच जातीची उपमा. तिच्यावर कोणी कविता लिहिली तर आमची हरकत नाही. इंजिनाचा निर्णय मात्र तिच्यावर घेता येत नाही.

रेषा कोणती ओलांडली?

आता "कोठे" याकडे वळू. मुरूडच्या पुळणीवर उभे राहून पश्चिमेला पाहिले, तर समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. एखादी होडी त्याच्या रेषेत आली की आपण म्हणतो, होडी किल्ल्यापाशी गेली. प्रत्यक्षात ती आपल्याला बरीच जवळ असू शकते. शनी मीन राशीत "जातो" तो एवढ्याच अर्थाने. सप्टेंबर २०२५ मध्ये तो पृथ्वीच्या जवळ आला, तेव्हाही त्याचे अंतर सुमारे १२८ कोटी किलोमीटर होते आणि त्याचा प्रकाश आपल्याकडे यायला सव्वा तासाच्या आसपास लागत होता. मीनेतील ताऱ्यांचा प्रकाश यायला अनेक दशके, काहींचा तर शेकडो वर्षे लागतात. शनी त्यांच्यात शिरत नाही. तो फक्त त्यांच्या रेषेत दिसतो.

बरे, ही रेषा तरी ठरलेली असावी! येथे गंमत सुरू होते. राशिचक्र म्हणजे वर्तुळाचे तीस-तीस अंशांचे बारा समान भाग. ते मोजायला कोठून सुरुवात करायची यावर एकमत नाही. पाश्चात्त्य ज्योतिषी वसंतसंपातापासून मोजतात. या सायन पद्धतीने शनी मार्च २०२३ मध्येच मीनेत गेला होता. आपल्याकडील बहुतेक पंचांगे चित्रा तारा धरून निरयन गणित करतात. त्यांची तारीख २९ मार्च २०२५. कोकणात अनेक घरी टिळक पंचांग वापरतात. त्याचा आरंभबिंदू रेवतीच्या ताऱ्याशी जोडलेला असल्याने ते बाकीच्या निरयन पंचांगांपेक्षा सुमारे चार अंशांनी वेगळे पडते. म्हणूनच त्यात मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. हे चार अंश धरून हिशेब केला, तर शनी त्या पंचांगाप्रमाणे २९ मार्चच्या साधारण महिनाभर आधीच मीनेत पोचलेला होता.

एक शनी आणि एक मीन, पण प्रवेशाच्या तारखा तीन. पहिल्या आणि शेवटच्या तारखेत दोन वर्षांचे अंतर! यामागे संपातचलन आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो, त्यामुळे वसंतसंपात सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. सायन आणि निरयन राशींत आज साठलेला फरक चोवीस अंशांहून थोडा अधिक आहे. तारीख मांडण्याची सोय म्हणून यांतील कोणतीही पद्धत चालेल, कारण नकाशावरच्या रेषा आपणच आखत असतो. पण रेषा ओलांडताच ग्रहाचा गुण बदलतो असे म्हणणाऱ्याने, कोणती रेषा ते तरी आधी सांगायला हवे.

आणखी एक गोष्ट. २९ मार्च २०२५ रोजी शनी आकाशात सूर्यापासून जेमतेम चौदा-पंधरा अंशांवर होता. पहाटेच्या संधिप्रकाशात, त्यातही पूर्वेला डोंगर असलेल्या आपल्या किनाऱ्यावरून, तो नुसत्या डोळ्यांनी दिसणे शक्यच नव्हते. ज्या दिवशी त्याची सर्वांत जास्त चर्चा झाली, त्या दिवशी तो कोणी पाहिला नाही. त्याआधी सहा दिवस, २३ मार्चला, पृथ्वीने शनीच्या कड्यांची पातळी ओलांडली. दर तेरा ते सोळा वर्षांनी घडणारी ही घटना. तिची बातमी कोळीवाड्यापर्यंत पोचली नाही, "मीन म्हणजे मासा" मात्र पोचले.

बारा राशी मुळात आपल्याकडच्या नाहीत, हेही मुलांना सांगावे. वेदांगज्योतिषात नक्षत्रे आहेत, राशी नाहीत. वराहमिहिराने बृहज्जातकात मेष, वृषभ, मिथुन यांना क्रिय, ताबुरि, जितुम अशी नावेही दिली आहेत. ती सरळ ग्रीक शब्दांवरून आलेली आहेत. कोणे एके काळी दूरदेशीच्या लोकांनी काही अंधूक ताऱ्यांना मासा म्हटले, म्हणून आज मुरूडच्या बोटीला इंजिन बसत नाही!

साडेसातीचा हिशेब

साडेसाती म्हणजे जन्मराशीच्या मागची रास, जन्मरास आणि पुढची रास यांतून शनीचे भ्रमण. एका राशीत सुमारे अडीच वर्षे, म्हणून तिघींत साडेसात. हा हिशेब फळ्यावर मांडावा. बारांपैकी तीन राशींना सतत साडेसाती असते, म्हणजे कोणत्याही क्षणी चारांतल्या एका माणसाला. साठ मुलांच्या वर्गात सरासरी पंधरा मुले, आणि देशाच्या एकशे चाळीस कोटींत पस्तीस कोटी. चौथ्या आणि आठव्या शनीची अडीचकी धरली तर बारांपैकी पाच राशी अडकल्या. एवढ्या लोकांत रोज कोणाचे तरी काही तरी बिघडणारच. ज्याचे बिघडले तो साडेसाती आठवतो. ज्याचे सुरळीत चालले तो आपली साडेसाती विसरून जातो.

पळवाटाही तयार असतात. शनी मीनेत वाईट, असे एक ज्योतिषी सांगतो. दुसरा म्हणतो, मीन ही गुरूची रास, तेव्हा तेथे शनी सौम्य होतो. दोन्ही उत्तरे नियमात बसतात. काहीही घडले तरी जो नियम खरा ठरतो, तो काहीच सांगत नसतो.

परीक्षा घेता येते का? येते, आणि महाराष्ट्रात घेतली गेली आहे. डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली दोनशे मुलांच्या कुंडल्या जमवल्या. शंभर मुले हुशार म्हणून शाळांनी निवडलेली, शंभर मतिमंद मुलांच्या शाळांतली. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस कुंडल्या देऊन कोणती कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. चाळिसांत अठ्ठावीस बरोबर ही कसोटी होती. सर्वोत्तम गुण चोवीस आले, सरासरी ४६ टक्के. एका ज्योतिष संस्थेने दोनशेही कुंडल्या तपासल्या, त्यांतील १०२ बरोबर आल्या. नाणे उडवूनही एवढेच जमले असते. ही परीक्षा जन्मकुंडलीची होती, ग्रहांच्या राशिभ्रमणाची नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगावे. पण साडेसाती उभी असते ती त्याच कुंडलीच्या पायावर.

आकाशाचा परिणाम होतोच

येथे एखादा विद्यार्थी विचारील, "चंद्रामुळे भरती येते, मग शनीमुळे काही का होणार नाही?" प्रश्न चांगला आहे, तो उडवून लावू नये. भरतीचे बल वस्तुमानाच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. शनीचे वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट आणि चंद्राचे सुमारे १/८१. म्हणजे शनी चंद्राच्या ७,७०० पट जड. पण जवळात जवळ असतानाही तो चंद्राच्या सुमारे ३,३०० पट दूर असतो. ३,३०० चा घन जवळजवळ ३,६०० कोटी. भागाकार करा. शनीचे भरतीबल चंद्राच्या सुमारे सत्तेचाळीस लाखांश येते. शिवाय मीन रास असो की कुंभ, या गणितात राशीला जागाच नाही.

आकाशाचा परिणाम मोजायचा, तर तोही आपल्याच किनाऱ्यावर मोजला जातो. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद ठेवते. सूर्यावर वादळ झाले की तिच्या आलेखात खळबळ दिसते. कोणीही जाऊन तपासावे अशी ही नोंद आहे.

आणि सर्वांत मोठा दाखला कोळीवाड्यातच आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा हिशेब जुने नाखवे तोंडी करतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. पंधरा तिथींत भरती बारा तास सरकते, म्हणून नेमका गुणक पाऊण नसून चार-पंचमांश हवा. पण पाऊणने तोंडी हिशेब सोपा होतो आणि चूक थोडीच राहते. हा नियम चुकला असता तर तो पहिल्याच महिन्यात पाण्याने खोडून काढला असता. तो टिकला, कारण समुद्र दिवसातून दोनदा त्याची परीक्षा घेतो. शनीच्या फलिताची अशी परीक्षा कोणी घेऊ देत नाही.

३ जून २०२० चे निसर्ग वादळ आठवा. अलिबागच्या दक्षिणेला ते किनाऱ्यावर आले, मुरूड-श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. तेव्हा निरयन गणिताने शनी मकरेत, म्हणजे ज्योतिषाच्या भाषेत स्वगृही होता. एका उदाहरणाने सिद्धान्त मोडत नाही, हे खरे. पण उपग्रह आणि रडार यांच्या आधाराने हवामान खात्याने इशारा दिला होता आणि त्यामुळे हजारो माणसे वेळेत हलवता आली. माणसे वाचली ती त्या ज्ञानामुळे.

वर्गात काय करावे?

मुलांच्या घरच्या श्रद्धेची टिंगल करू नये. शनिवारी मारुतीला तेल वाहणाऱ्या आजीशी आपले भांडण नाही. त्याऐवजी मुलांना मोजायला लावावे. महिनाभर तिथी आणि भरतीची वेळ लिहून पाऊणपटीचा नियम तपासावा. शनी ओळखायला शिकवून त्याची जागा दर पंधरवड्याला ताऱ्यांच्या नकाशावर टिपावी. दरवर्षी काही महिने तो मागे जाताना दिसेल. पुढे निघालेल्या होडीतून शेजारची संथ होडी मागे सरकल्यासारखी दिसते, तसेच हे वक्री होणे.

तिसरा प्रयोग त्या मुलीसाठी. शनी याआधी मीनेत होता तो १९९६ ते १९९८ या काळात. त्या आणि त्याच्या आगेमागच्या वर्षांत मासळी कशी होती, हे आजोबांना आणि शेजारच्या वृद्ध नाखव्यांना विचारावे. पण शनीचे नाव काढू नये, नाहीतर उत्तर प्रश्नाच्या रंगाने रंगून येईल. सोबत आणखी एक प्रश्न विचारावा, मासळी कमी झाली ती कशाने? बारीक आसाची जाळी, पर्ससीन, बंदी असूनही चालणारी एलईडी दिव्यांची मासेमारी, अशी उत्तरे तिला मिळतील. ही कारणे पृथ्वीवरची आहेत. त्यांच्याविरुद्ध तक्रार करता येते, मोर्चा काढता येतो, कायदा मागता येतो. शनीविरुद्ध यांतले काहीच करता येत नाही, आणि म्हणूनच दोष त्याच्यावर ढकलणे अनेकांना सोयीचे जाते.

बाईंना आम्ही उत्तर पाठवले ते असे. शनी कोठेही गेला नाही. तो आपल्या कक्षेत, आपल्या चालीने चालला आहे. रेषा आपण आखली आहे. इंजिन घ्यावे की नाही हे कर्जाचा हप्ता, डिझेलचा भाव आणि जुन्या इंजिनाची हालत पाहून ठरवावे. आणि हा हिशेब नववीच्या मुलीला वडिलांशेजारी बसून करता येतो.