काचेने नेमकी किती ऊर्जा घेतली?

फेम्टोसेकंद लेझरबद्दल काहीही वाचायला घ्या, एक वाक्य हमखास भेटतं: पल्स इतका छोटा असतो की उष्णता पसरायला वेळच मिळत नाही, म्हणून ही ‘थंड’ प्रक्रिया. वाक्य खोटं नाही, पण अर्धवट आहे. माझी तक्रार उरलेल्या अर्ध्याबद्दल आहे.

आधी मूळ गोष्ट. काच पारदर्शक, म्हणजे एरवी ती हा प्रकाश शोषत नाही. शुद्ध सिलिका काचेत इलेक्ट्रॉन मोकळा करायला सुमारे ९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात; ८०० नॅनोमीटरच्या एका फोटॉनकडे असतात जेमतेम १.५५. म्हणजे सहा फोटॉन एकदम हवेत. हे फक्त फोकसपाशी, प्रचंड तीव्रतेतच जमतं. एकदा काही इलेक्ट्रॉन सुटले की ते आणखी प्रकाश शोषतात, इतरांना धक्के देऊन सोडवतात. थोडक्यात, शोषण हा काचेचा ठरलेला आकडा नाहीच. पल्स चालू असतानाच तो बदलत जातो.

तरीही कितीतरी पेपरांत फक्त पल्सची ऊर्जा छापलेली असते. हे म्हणजे ताटात किती वाढलं ते सांगणं. पोटात किती गेलं ते नाही. मीही पहिल्या वर्षीच्या अहवालात हेच केलं होतं. सरांनी एवढंच विचारलं, “यातली काचेने घेतली किती?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग काचेपलीकडे मीटर ठेवला, दोन्ही पृष्ठभागांवरून परत फिरणारा साधारण ३.५-३.५ टक्के प्रकाश हिशेबात धरला. ऊर्जा तीच ठेवून पल्सची लांबी बदलली, तर शोषण बदललं!

दुसरा मुद्दा पल्सांमधल्या अंतराचा. फोकसमधली उष्णता बाहेर पडायला साधारण १ मायक्रोसेकंद लागतो. सेकंदाला १,००० पल्स असतील तर दोहोंच्या मध्ये त्याच्या हजारपट वेळ मिळतो; काच निवते. सेकंदाला १० लाख केले की पुढचा पल्स गरम काचेवरच पडतो, उष्णता साचते, काच वितळू शकते. काचेला काच जोडताना नेमकं तेच हवं असतं. पण मग त्याला ‘थंड’ कसं म्हणायचं? गटास आणि मझूर यांच्या २००८ च्या ‘नेचर फोटॉनिक्स’मधल्या आढाव्यात हा फरक नीट मांडलाय, जरूर वाचा.

पुढच्या वेळी असा पेपर हातात आला, तर सुंदर फोटोंआधी तीन आकडे शोधा: पल्सची लांबी, सेकंदाला किती पल्स, आणि काचेने घेतलेला वाटा. तिसरा सापडला नाही, तर तो प्रयोग तुमच्या टेबलावर तसाच होईल या भरवशावर राहू नका.