प्राणी बोलत होते, पिंजरा गप्प होता



आजचा विषय ऐकून एक-दोघांनी मला आधीच विचारलं, की लहान मुलांच्या एका जुन्या ब्रिटिश कार्यक्रमावर बोलण्यासारखं आहे तरी काय? शिवाय आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलेलाही नाही. प्रश्न बरोबर आहे. पण स्मरणरंजन म्हणजे नेमकं काय होतं, आपण काय आठवतो आणि काय गाळतो, हे समजून घ्यायला इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं मिळालं नाही. आपल्या आठवणीतला कार्यक्रम असता, तर तुम्ही आणि मी दोघंही हळवे झालो असतो. दुसऱ्याच्या आठवणीकडे जरा लांबून बघता येतं.

तर आधी ओळख करून देतो. कार्यक्रमाचं नाव ‘ॲनिमल मॅजिक’. बीबीसीच्या ब्रिस्टल केंद्राची ही निर्मिती १९६२ साली सुरू झाली आणि १९८३ पर्यंत चालली. म्हणजे एकवीस वर्षं. पहिल्या वर्षी तो पाहणारी मुलं शेवटच्या वर्षापर्यंत स्वतः आईबाप झाली होती. सादरकर्ते होते जॉनी मॉरिस. वेल्समधल्या न्यूपोर्टचा जन्म, बरीच वर्षं शेतीच्या व्यवस्थापनाचं काम केलं आणि गोष्टी रंगवून सांगायची कला अंगात होती म्हणून रेडिओवर आले. डोक्याला टोपी, अंगात रखवालदाराचा गणवेश, हातात बादली, अशा वेषात ते ब्रिस्टलच्या प्राणिसंग्रहालयात फिरायचे. प्राण्यांना खाऊ घालायचे, त्यांच्याशी बोलायचे. आणि प्राणी त्यांना उत्तर द्यायचे!

ही त्यातली गंमत. आधी प्राण्यांचं नुसतं चित्रीकरण व्हायचं. मग मॉरिस त्यावर स्वतःच्याच आवाजात त्यांचे संवाद घालायचे. प्रत्येक प्राण्याचा आवाज वेगळा. कुणी उंट कुरकुऱ्या म्हाताऱ्यासारखा, कुणी लेमूर लाडावलेल्या पोरीसारखी. वेळ अशी अचूक साधायचे, की प्राण्याने मान वळवली की ते वाक्य त्यानेच उच्चारलं असं वाटावं. मॉरिस खरे रखवालदार नव्हते, पण कित्येक मुलांना ते खरेच वाटायचे.

१९६२ साली ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीच्या वाहिन्या होत्या दोन. त्यामुळे एका पिढीची मुलं साधारण एकाच वेळी एकच गोष्ट बघत बसायची. त्या पिढीला आज विचारा, ती काय सांगेल? ती शीर्षकाची धून, ती टोपी आणि ते आवाज.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागायचं. मालिका जपानी, मूळ गोष्ट इंग्रजी, आपल्यापर्यंत आली हिंदीतून. पण शेरखान म्हटलं की आपल्या कानात काय वाजतं? नाना पाटेकरांचा आवाज. चित्र पुसट होतं, आवाज राहतो. स्मरणरंजनातला हा पहिला धडा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ज्यांना ‘ॲनिमल मॅजिक’ आठवतो त्यांना बऱ्याचदा प्राणी आठवत नाही, माणसाने केलेला प्राण्याचा आवाज आठवतो.

आता या कार्यक्रमावरची नेहमीची टीका घेऊ. प्राण्यांना माणसासारखं बोलायला लावणं अशास्त्रीय आहे, मुलांच्या डोक्यात चुकीच्या कल्पना भरतात, ही ती टीका. सत्तरच्या दशकापासून ती वाढत गेली आणि कार्यक्रम जुनाट वाटू लागला. नंतर १९८६ साली बीबीसीनेच मुलांसाठी ‘द रिअली वाइल्ड शो’ आणला. त्यात प्राणी बोलत नव्हते, माणसं प्राण्यांची माहिती सांगत होती.

मला ही टीका पटत नाही. म्हणजे ती खोटी आहे असं नाही, पण तिचा नेम चुकलाय. प्राण्याला माणसासारखं मानणं हा काही आपोआप गुन्हा ठरत नाही. जेन गुडॉल १९६० साली गोम्बेच्या जंगलात गेल्या. तिथल्या चिंपांझींना त्यांनी नावं दिली. एकाचं नाव डेव्हिड ग्रेबियर्ड, पांढुरक्या दाढीचा म्हणून. पुढे केंब्रिजमध्ये त्यांना ऐकवण्यात आलं, की नावं नाही, क्रमांक द्यायला हवे होते. कोण बरोबर ठरलं, ते आपल्याला माहीत आहे. नाव दिल्यामुळेच त्यांना प्रत्येक चिंपांझीचा वेगळा स्वभाव दिसला. फ्रान्स डी वाल या शास्त्रज्ञाने तर उलट दोषाकडेही बोट दाखवलं: माणूस आणि प्राणी यांच्यातलं साम्य दिसत असूनही ते नाकारत राहणं.

तेव्हा प्राण्यांना आवाज दिला हा मुद्दा सोडून देऊ. तो आवाज काय बोलला आणि काय कधीच बोलला नाही, हे पाहू.

एक छोटा प्रयोग करा माझ्याबरोबर. डोळ्यांसमोर एक चित्रफीत आणा. पिंजऱ्यातलं अस्वल. ते भिंतीपर्यंत जातं, मान झटकतं, वळतं, परत येतं. पुन्हा भिंत, पुन्हा मान, पुन्हा वळण. आता त्यावर एक विनोदी आवाज घाला: “अजून बस आली नाही! साडेनऊची बस, दहा वाजले तरी पत्ता नाही!” हसू येतं की नाही? येतंच. आता तो आवाज काढून टाका आणि तेच चित्र पुन्हा बघा. बंदिवासातले प्राणी त्याच त्या हालचाली तासन्‌तास करत राहतात. ते त्रासाचं लक्षण असतं, हे आज प्राण्यांचा अभ्यास करणारा कुणीही सांगेल. चित्र एकच. आवाजाने त्याचा अर्थ फिरवला.

हे उदाहरण माझं आहे, कार्यक्रमातलं नाही. पण तंत्र तेच. मॉरिस यांचे प्राणी तक्रारी भरपूर करायचे. खाणं उशिरा आलं, शेजारी त्रास देतो, हवा बरी नाही. एक तक्रार मात्र नियमाबाहेर होती: मला इथून बाहेर जायचंय. आणि रखवालदार कसा दाखवला होता बघा. ज्याच्या कमरेला किल्ल्या, तो सगळ्यांची बोलणी खाणारा बिचारा नोकर. प्राणी म्हणजे खाणावळीतली चोखंदळ गिऱ्हाइकं. सत्तेचं नातं अगदी उलटं करून ठेवलं होतं. मूल ते बघून काय शिकणार? की इथे सगळे राहायला आलेत, जरा कुरकुरे आहेत, पण मजेत आहेत.

मॉरिस यांच्या हेतूविषयी मी बोलत नाहीये. प्राण्यांवर त्यांचा जीव होता, ते पडद्यावर दिसतं. अडचण हीच आहे, की एवढं प्रेम असूनही पिंजरा दिसेनासा झाला. कदाचित प्रेमामुळेच झाला.

आणि आता १९८३ सालाकडे या. कार्यक्रम संपला ते साल. त्याच वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक हत्तीण मेली. नाव पोले पोले. व्हर्जिनिया मॅकेना आणि बिल ट्रॅव्हर्स या अभिनेत्या जोडप्याबरोबर ती पिल्लू असताना एका चित्रपटात होती. नंतर केनिया सरकारने तिला लंडनला भेट म्हणून पाठवलं. बऱ्याच वर्षांनी हे दोघं तिला भेटायला गेले. तिने त्यांना ओळखलं, सोंड पुढे केली, असं ते सांगायचे. तिच्या मृत्यूनंतर त्यांनी १९८४ साली ‘झू चेक’ नावाची मोहीम सुरू केली. ब्रिटनमधल्या प्राणिसंग्रहालयांना परवाना आणि तपासणी सक्तीची करणारा १९८१ चा कायदाही १९८४ मध्येच अमलात आला.

मी असं म्हणत नाही, की एकामुळे दुसरं घडलं. पण दोन्ही शेजारी ठेवून बघा. एकवीस वर्षं प्राणी पडद्यावर अखंड बोलत होते आणि पिंजऱ्याबद्दल कुणी बोललं नाही. एका हत्तिणीने नुसती सोंड पुढे केली, तिच्या तोंडी कुणी वाक्य घातलं नाही, आणि पिंजऱ्याबद्दल बोलणं भाग पडलं.

ब्रिस्टलचं ते प्राणिसंग्रहालय १८३६ साली उघडलं होतं. क्लिफ्टन भागातली ती जुनी जागा सप्टेंबर २०२२ मध्ये, १८६ वर्षांनी बंद झाली. प्राण्यांसाठी शहराबाहेर कितीतरी मोठी जागा झाली, हे चांगलंच. तरी त्या वेळी लोकांना वाईट वाटलं. मला ते समजतं. राणीच्या बागेत लहानपणी गेलेल्या माणसाला ते लगेच समजेल. तिथेही पिंजऱ्यापुढे उभं राहून बाबा मुलाला सांगतातच ना, “बघ, तो म्हणतोय, आज मला खाऊ नाही आणला?” आपल्या प्रत्येक घरात एक जॉनी मॉरिस असतो.

कुणी म्हणेल, अहो, लहान मुलांचा कार्यक्रम तो! मुलांना रडवायचं का? नाही. पण मुलं दुःख समजण्याइतकी मोठी नसतात, ही मोठ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी करून घेतलेली समजूत आहे. हरवलेल्या पिल्लाच्या गोष्टीवर मूल रडतं आणि तीच गोष्ट पुन्हा सांग म्हणतं. वीस वर्षांत एकदा एखादा उंट म्हणाला असता, “वाळवंट कसं असतं रे?” तरी मुलांनी ते पेललं असतं. कदाचित तेच त्यांना सगळ्यात जास्त आठवलं असतं.

म्हणून स्मरणरंजनाबद्दल माझं म्हणणं एवढंच. जुनी आठवण जपावी, तिची लाज वाटायचं कारण नाही. त्या कार्यक्रमामुळे कित्येक मुलांना प्राण्यांचा लळा लागला असेल, आणि त्या लळ्याशिवाय पुढचा राग तरी कुठून येणार? फक्त एक करावं. आपल्या लहानपणीचा असा कुठलाही कार्यक्रम मुलांना किंवा नातवंडांना दाखवाल, तेव्हा एकदा आवाजासकट बघा. खूप हसा. मग दोन मिनिटं आवाज बंद करा आणि मुलालाच विचारा, आता हा काय म्हणत असेल?

त्याचं उत्तर मधेच न तोडता ऐकून घ्या. मी इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.