स्क्रूजच्या पेढीवरील अंधार

जी कलाकृती दरवर्षी ठरावीक दिवसांत पुन्हा पाहिली जाते, तिची कसोटी एकदाच पाहिल्या जाणाऱ्या कृतीहून अधिक कठोर असते; शेवट आधीच ठाऊक असल्यामुळे उत्कंठेचे साह्य तिला मिळत नाही, आणि उत्तररंगातले आख्यान लहानपणापासून तोंडपाठ असलेला श्रोता ज्या अपेक्षेने कीर्तनाला बसतो, त्याच अपेक्षेने तिच्यापुढे बसलेला प्रेक्षक सारे लक्ष सांगणाऱ्याच्या सांगण्यावर ठेवतो. इंग्लंड-अमेरिकेतील नाताळविषयक चित्रपटांना आणि दूरचित्रवाणीवरील रूपांतरांना ही कसोटी लावून पाहिली म्हणजे माझा असा निश्चय होतो की, ज्यांनी दारिद्र्य, ऋण आणि मृत्यू यांची नोंद प्रामाणिकपणे ठेवली तीच टिकली, आणि ज्यांनी सणाच्या गोडव्यासाठी ती नोंद खोडून टाकली ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच निस्तेज वाटू लागली.

या परंपरेचे मूळ ज्या कृतीत आहे, ती चार्ल्स डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाली. खाणींत आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुलांविषयीचा सरकारी चौकशीचा अहवाल वाचून अस्वस्थ झालेल्या डिकन्सच्या मनात प्रथम एक पत्रक काढावे असे होते. लंडनच्या फील्ड लेन भागातील अनाथ-दरिद्री मुलांची शाळा त्याने त्याच वर्षी डोळ्यांनी पाहिली होती, आणि पत्रकाने जे साधणार नाही ते कथेने साधेल अशा विश्वासाने त्याने सहा आठवड्यांत हे लहानसे पुस्तक लिहून काढले. त्यातील ‘अज्ञान’ आणि ‘दैन्य’ या नावांची दोन कृश बालके, जी नाताळच्या भुताच्या झग्याखालून बाहेर येतात, ती याच अस्वस्थतेतून आलेली आहेत. ज्या रूपांतराने ही बालके गाळली, त्याने कथेचा कणाच काढून घेतला असे मी मानतो.

चित्रपटाने ही कथा १९०१ सालीच हाती घेतली. हॉलिवूडमधील मेट्रो-गोल्डविन-मेयरचा १९३८चा बोलपट दिसायला नीटनेटका आणि कुटुंबाने एकत्र बसून पाहण्याजोगा खरा. परंतु त्यात ती दोन बालके नाहीत, कथेचा कंजूष नायक स्क्रूज याची दुरावलेली वाग्दत्त वधू नाही, मृताच्या अंथरुणावरचे पडदे विकणारे चोरही नाहीत. इतके वगळल्यावर स्क्रूजच्या अंतःकरणात पालट होण्यास सबळ कारण काय उरले, याचे उत्तर त्या बोलपटापाशी नाही.

ते उत्तर ब्रायन डेस्मंड हर्स्ट याने दिग्दर्शित केलेल्या १९५१च्या ‘स्क्रूज’मध्ये मिळते, आणि अॅलस्टेर सिम या नटाच्या मुद्रेवर मिळते. पटकथाकार नोएल लँग्ली याने मूळ कथेत भर घालण्याचे धाडस केले: स्क्रूजची बहीण बाळंतपणात मरते, तो दुःखाने खोलीबाहेर निघून जातो, आणि आपल्या मुलाला सांभाळ अशी तिची अखेरची विनवणी त्याच्या कानी पडतच नाही. ती विनवणी म्हातारा स्क्रूज भुताच्या सोबतीने प्रथमच ऐकतो, तेव्हा आयुष्यभर भाच्याचा केलेला द्वेष त्याच्यावरच उलटतो. डिकन्सच्या पुस्तकात नसलेला हा प्रसंग डिकन्सच्याच न्यायबुद्धीतून उपजला आहे, आणि रूपांतरकाराचा अधिकार कोठवर पोचतो याचा याहून उत्तम दाखला मला ठाऊक नाही. शेवटी भाच्याच्या घरी आलेला हा सावकार दिवाणखान्याच्या दाराशी अडखळतो आणि एक मोलकरीण केवळ मानेच्या खुणेने त्याला धीर देते. क्षमा मागणे किती अवघड असते, हे त्या क्षणात शब्दावाचून सांगितले गेले आहे.

याच चित्रपटाचा संकलक क्लाइव्ह डॉनर याने १९८४ साली श्रूझबरी गावात आपले स्वतःचे रूपांतर चित्रित केले, जे अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. त्यातील जॉर्ज सी. स्कॉटचा स्क्रूज खंगलेला कंजूष नसून धान्याचा भाव अडवून धरणारा, धट्टाकट्टा, बाजारात मान असलेला व्यापारी आहे. पुलाखाली शेकोटीभोवती बसलेल्या बेघर कुटुंबापुढे भूत त्याला एकटे सोडून जाते, तेव्हा धान्याचा भाव आणि भूक यांचा संबंध प्रेक्षकाला निराळा समजावून द्यावा लागत नाही. रिचर्ड विल्यम्सचा १९७१चा ऑस्करविजेता सचेतनपट अर्ध्या तासाहून कमी वेळात खाणकामगारांपर्यंत आणि दीपस्तंभावरील रखवालदारांपर्यंत जाऊन येतो, हेही नमूद केले पाहिजे. त्यातील स्क्रूजचा आवाज पुन्हा सिमचाच आहे.

अमेरिकेचे स्वतःचे नाताळ-आख्यान म्हणजे फ्रँक काप्राचा १९४६चा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. प्रथम प्रदर्शनात तो खर्चही भरून काढू शकला नाही. १९७४ साली स्वामित्वहक्काचे नूतनीकरण राहून गेल्यामुळे स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रे तो दर डिसेंबरात विनामूल्य दाखवू लागली आणि अशा दप्तरातल्या चुकीने तो घरोघरी पोचला. परंतु फुकट मिळालेले सारेच टिकत नाही; हा टिकला तो ऋणाची आणि मृत्यूची नोंद त्याने ठेवली म्हणून. जॉर्ज बेलीच्या छोट्या पतपेढीवर ठेवीदारांची झुंबड उडते, तेव्हा तो लग्नाच्या प्रवासासाठी बाजूला ठेवलेले दोन हजार डॉलर वाटून टाकतो आणि दिवसअखेर तिजोरीत दोनच डॉलर उरतात. पुढे आठ हजार गहाळ होऊन तो आत्महत्येच्या विचाराने पुलावर उभा राहतो. ते पैसे दडवणाऱ्या धनाढ्य पॉटरला अखेरपर्यंत शिक्षा होत नाही. पॉटरची भूमिका करणारा लायनेल बॅरीमोर अनेक वर्षे रेडिओवर स्क्रूज होत असे, हे ध्यानी घेतले तर पॉटर हा पश्चात्तापाला कधीच न पोचलेला स्क्रूज वाटतो.

‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ या सचेतनपटाने १९६५ साली खऱ्या मुलांचे आवाज घेऊन आणि ध्वनिमुद्रित हास्य वगळून बालमनाचा विषाद जपला, १९८२च्या ‘द स्नोमॅन’ने हिममानवाला वितळू दिले. दोन्ही अर्ध्या तासाच्या आत आहेत आणि दोन्ही दीर्घायुषी ठरले आहेत.

आजची स्थिती समाधानकारक नाही. २००९ साली रॉबर्ट झेमेकिसने संगणकाचे सारे बळ कॅरलमागे उभे केले, तरी आकाराने आक्रसलेल्या स्क्रूजची धावपळ त्याने इतकी लांबवली की भय ओसरून केवळ वेग शिल्लक राहिला. दरवर्षी नव्याने निघणारे, एकाच साच्यातून काढलेले प्रेमपट तर कर्जाचा आणि मृत्यूचा उच्चारही टाळतात. म्हणून त्यांतील समेट फारच स्वस्तात पडतो. पुढच्या रूपांतरकाराने निदान ती दोन बालके परत आणावीत, आणि वाचकांनी या डिसेंबरात सिमचा ‘स्क्रूज’ अवश्य पाहावा. मात्र नंतर रंग चढवलेली प्रत टाळून मूळ कृष्णधवल प्रतच निवडावी.