रेफर टु ड्रायव्हर

आम्ही कॉमर्सवाले. ‘आपल्या अमुक तारखेच्या पत्रास अनुसरून’ याच्या पलीकडच्या वाङ्मयाशी आमचा संबंध बेताचाच. तरीही आज एका इंग्रजी वाक्याची समीक्षा करायला बसलोय. गेल्या पावसाळ्यात मी ते इतक्या वेळा वाचलं, की तितक्या वेळा फक्त आमच्या शाखेतली ‘कृपया रांगेत उभे राहा’ ही पाटीच वाचली असेन.

वाक्य असं : ‘डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पॉन्डिंग अँड हॅज रिकव्हर्ड.’ म्हणजे काय, तर पडद्यावर चित्र उमटवणारा ड्रायव्हर ओ देईनासा झाला होता, आता बरा आहे.

वाङ्मय म्हणून वाक्य झकास. सात शब्दांत आजारपण, मूर्च्छा आणि सुखान्त! आपल्या नाटककारांना एवढ्यासाठी तीन अंक आणि एक डॉक्टरकाका लागायचे. या वाक्यामागची व्यवस्था आली २००७ साली बाजारात उतरलेल्या विंडोज व्हिस्टाबरोबर. त्याआधी ग्राफिक्स कार्ड अडकलं, की बहुधा अख्खं यंत्र दगड व्हायचं आणि माणूस बटण दाबून त्याला मोक्ष द्यायचा. व्हिस्टापासून विंडोज कार्डाला काम देते आणि दोन सेकंद वाट बघते. उत्तर नाही आलं, की गदागदा हलवून उठवते. मिनिटाभरात हाच तमाशा पुन्हा पुन्हा झाला, की मग निळा पडदा. दोन सेकंद! काउंटरवर दोन सेकंदांत मी चष्मासुद्धा वर करत नाही.

पण साक्ष म्हणून हेच वाक्य अगदी कुचकामी. कसं, ते सांगण्यासाठी वाचकहो, तुम्हाला तुडीलला यावं लागेल. महाडच्या खाडीपट्ट्यात आमच्या दादाचं घर आहे. त्याच्या मुलाने मुंबईहून एकेक सुटा भाग जमवून स्वतः गेमिंग पीसी जोडला. गेम तर खेळतोच. पण रात्री लग्नांचे व्हिडिओ एडिट करून चार पैसेही मिळवतो. ऐन आषाढात यंत्र रुसलं. कधी पडदा काळा, कधी ते सात शब्द, तर कधी यंत्र आपलं आपणच बंद होऊन पुन्हा सुरू. वैशाखातल्या तीन लग्नांचे व्हिडिओ अडकले. त्यातली एक नवरी तर मंगळागौरीला माहेरी यायची वेळ आली, तरी व्हिडिओत अजून बोहल्यावरच उभी होती.

वहिनींनी वाक्याचा अर्थ विचारला. सांगितला. म्हणाल्या, “भावोजी, ड्रायव्हर बेसुद्ध पडतो आणि परत तोच गाडी चालवतो? मी नाही बसायची त्या यष्टीत.”

आता या वाक्यावरचं टीकावाङ्मय बघा, म्हणजे जाणकारांचे सल्ले. ड्रायव्हर नवा घाला. ड्रायव्हर जुना घाला. ड्रायव्हर समूळ उपटून पुन्हा घाला. विंडोजच नव्याने टाका. पुतण्याने पाच ड्रायव्हर बदलले आणि तीनदा विंडोज टाकली. कशेडी घाटात यष्टी बंद पडली, की प्रवासी आधी ड्रायव्हरवरच धावून जातात. टाकीत डिझेल आहे का, हे बघणारा विरळा. शेवटचा सल्ला ठरलेला : कार्ड गेलं, नवं घ्या. चाळीस हजार! दादाने मुदत ठेवीची पावती पिशवीत घालूनही ठेवली होती. मुदतीआधी ठेव मोडायची, हे ऐकून आमच्यातला बँकवाला कळवळला.

दिवसअखेर हिशोब जुळला नाही, की आम्ही सगळ्या वह्या फाडून नव्या आणत नाही. एकेक रकाना तपासतो. इथे जो तो एका दमात चार गोष्टी बदलायचा आणि मग कशाने काय झालं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नसे. आम्ही एका वेळी एकच गोष्ट धरली. आधी उष्णता : कार्ड अडुसष्ट अंशांवर, म्हणजे ताप नाही. मग विंडोजची नोंदवही उघडली. त्यात ४१ क्रमांकाची नोंद वारंवार होती, म्हणजे यंत्र नीट बंद न होताच पुन्हा सुरू झालेलं. एकटा ड्रायव्हर सहसा एवढं करत नाही. मग सॉफ्टवेअरमधून कार्डाची वीज सत्तर टक्क्यांवर बांधली, आणि गेम रात्रभर बिनतक्रार चालला.

चोर सापडला होता : एसएमपीएस, म्हणजे सगळ्यांना वीज वाटणारी पेटी. खोक्यावर साडेसातशे वॅट छापलेले, किंमत अठराशे रुपये. आजकालचं मोठं कार्ड सरासरीने शहाण्यासारखं वागतं. पण मध्येच, सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरतं, नेहमीच्या दुप्पटही मागून बसतं. म्हणूनच तर इंटेलने २०२२ सालच्या एटीएक्स ३.० या दंडकात लिहून ठेवलं, की पेटीने शंभर मायक्रोसेकंदांपुरता स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसावा. आमच्या भाषेत, खात्याची सरासरी शिल्लक उत्तम, पण एकदम मोठा चेक आला आणि बाउन्स झाला. खात्यात पैसे नाहीत, असं तोंडावर न म्हणता बँका अशा चेकवर सभ्यपणे ‘रेफर टु ड्रॉवर’ लिहीत आल्या. विंडोज लिहिते, रेफर टु ड्रायव्हर. गोत्र एकच.

माझा खरा आक्षेप मात्र त्या वाक्यावर नाही, पीसी जोडण्याच्या सध्याच्या अभिरुचीवर आहे. पेटीला काच, काचेआड सप्तरंगी पंखे, रॅमलाही दिवे. पैसा दिसतो तिथेच ओतायचा. एसएमपीएस तळाशी पत्र्याआड लपलेला, म्हणून तिथे काटकसर. दर्शनी पडवीला ग्रॅनाइट आणि मागच्या पडवीला ताडपत्री! त्यातून आमच्याकडे धो धो पाऊस, विजेची ये-जा, आणि जुन्या घरात अर्थिंगची तार आहे की नुसतंच तिसरं भोक आहे, हे वायरमनला बोलावल्याशिवाय कळत नाही. (नुसतं भोकच होतं.)

महाडच्या मित्राकडून चांगला एसएमपीएस उसना आणला. पूर्ण विजेवर चार तास एकही हिसका नाही. मग तसाच नवा घेतला, साडेसात हजारांत. अर्थिंग करून घेतलं. पावती पुन्हा कपाटात गेली आणि ती नवरी एकदाची बोहल्यावरून उतरली.

दिवाळीत ते सात शब्द पुन्हा एकदा पडद्यावर आले. आदल्याच दिवशी नवा ड्रायव्हर टाकला होता. जुना परत घातल्यावर सगळं सुरळीत झालं. म्हणजे या खेपेला गुन्हा खरोखर ड्रायव्हरचाच. पण पुतण्या काही केल्या ते मानायला तयार नव्हता. टॉर्च तोंडात धरून तो तासभर एसएमपीएसच्या वायरी हलवत बसला होता.